बॅटरीवाल्याच्या गाडीला धक्का

जुन्या बॅटऱ्या विकत घ्यायच्या, ज्यांच्यात जीव आहे त्या तयार करून विकायच्या आणि ज्यांच्यात नाही त्या भंगाराला घालायच्या, हा माझा धंदा. सिन्नर फाट्याच्या अलीकडे रस्त्याला लागून माझं पत्र्याचं शेड आहे. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मी तिथेच असतो. लोकांना वाटतं, हा भंगारवाला. वाटू दे. भंगारवाला उचलतो ते वजनावर विकतो. मी उचललेला निम्मा माल पुन्हा कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसतो. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. म्हणजे पूर्वी घालायचो, आता दमलो.

बॅटरी घेताना मी आधी ती उचलून बघतो. हलकी लागली तर आत पाणी नाही, नाहीतर मालच हलका आहे. मग झाकणं उघडायची, आत डोकवायचं. वरच्या दोन्ही टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते, तिच्यावरून मालकाचा स्वभाव कळतो. आत सहा घरं असतात. सहाच्या सहा कोरडी पडलेली असली तरी डिस्टिल्ड वॉटर घालून, सावकाश चार्जिंगला लावून बॅटरी उठू शकते. पण एक घर आतून शॉर्ट झालं असेल तर बाकीची पाच कितीही ठणठणीत असोत, खेळ खलास. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. 'अहो, एवढ्याशानं काय होतं?' म्हणतात. मी म्हणतो, मग घेऊन जा घरी, शोकेसमध्ये ठेवा.

सगळ्यात चांगला माल मिळतो तो उभ्या गाड्यांतून. नाशिकरोडच्या कॉलन्यांमध्ये अशा गाड्या जागोजागी आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात, वडिलांचं लायसन संपलेलं आणि खाली पार्किंगमध्ये कव्हर घातलेली गाडी. कधीतरी कुणीतरी येतं, किल्ली फिरवतं, टक्क असा आवाज येतो आणि पुढे काही नाही. मग मला फोन. मालक हमखास एकच विचारतात, 'वापरलीच नाही हो, तरी गेली कशी?' मी सांगतो, वापरली नाही म्हणूनच गेली. बॅटरी चालवून मरत नाही तितकी नुसती उभी राहून मरते. हे ऐकून एखादे आजोबा गाडीचं कव्हर नीट करायला लागतात, मग मी उगाच बॅटरीच्या भावाचं बोलायला लागतो.

माझं गिऱ्हाईक म्हणजे पिकअपवाले, ट्रॅक्टरवाले, ज्यांना नवी बॅटरी परवडत नाही आणि गाडी उभी ठेवणं त्याहून परवडत नाही असे. नामपूरकडचा एक कांदेवाला येतो. दर वेळी बॅटरीवर हात ठेवून विचारतो, "भाऊ, सकाळले सुरू व्हई ना? मार्केटले जानं शे." मी म्हणतो, व्हई. त्याच्या बोलीत उत्तर दिलं की तो खूश. घोटीचा एक ड्रायव्हर तांदळाची पोती वाहतो. तो जरा आगाऊ. एकदा तो सकाळी सकाळी माझ्या कॉलनीत बॅटरी न्यायला आला आणि गेटपाशी उभा राहून बघतच राहिला. माझी व्हॅन पुढे, मी आत स्टेअरिंगवर आणि मागून तीन जण ती ढकलतायत. गाडी चालू झाल्यावर माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "शेठ, तुमची बॅटरी लय भारी हाय म्हणता, आन् तुमचीच गाडी धक्का मारून? मी हीच बॅटरी घेऊ का दुसरीकडं जाऊ?"

हसू नका. आमच्या धंद्यात असंच होतं. चांगली बॅटरी तयार झाली की दारात गिऱ्हाईक उभंच असतं, ती जाते. मध्यम असते ती गरजवंताला जाते. जी कुणीच घेत नाही, जिला भंगारात घालायलाही जिवावर येतं, ती आपल्या गाडीत. माझी व्हॅन पेट्रोलची, जुनी, पत्रा ठिकठिकाणी सडलेला. तिनं आयुष्यात एकही धड बॅटरी बघितली नव्हती. दुपारी ऊन तापलं की मरत मरत का होईना सेल्फ घ्यायची. सकाळी मात्र धक्काच.

आता घरचं सांगतो. घरी मी एकटा. लग्न केलं नाही असं मी लोकांना सांगतो, खरं म्हणजे झालं नाही. बहिणींचं करता करता माझं वय गेलं. मग आईचं दुखणं निघालं, मग मला बघायला येणारी माणसंच बंद झाली. आई होती तोवर घरात आवाज होता. ती माझ्यावर ओरडायची, मी तिच्यावर. बॅटरीच्या पाण्याचे थेंब पँटवर उडाले तर तेव्हा काही दिसत नाही. धुतल्यावर कापड विरतं आणि भोकं पडतात. आई प्रत्येक पँट दोरीवर घालताना माझ्या धंद्याचा उद्धार करायची. ती गेल्यावर भोकं तशीच राहिली. रात्री दोन पोळ्या करायच्या, कांदा फोडायचा, मोबाइलवर काहीतरी लावायचं आणि ते बघता बघता झोपायचं. मेथीची जुडी आणली तर तिसऱ्या दिवशी अर्धी पिवळी पडते. म्हणून मी मेथी आणणं सोडलं.

दुकानात माणसं येतात, नाही असं नाही. पण ती बॅटरीशी बोलतात. किती दिवस चालेल, परत आणली तर किती देणार, जुनी घेता का. संध्याकाळी शटर ओढलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडायचं काही कारण नसे. एकदा तर घसा बसलाय हे मला सकाळी गेटवर पोचल्यावर कळलं. रात्रभर वापरलाच नव्हता ना.

धक्क्याची सुरुवात आई गेली त्या थंडीत झाली. एका सकाळी गाडी काही केल्या चालू होईना. मी किल्ली फिरवतोय, ती खोकतेय. आमच्याच इमारतीतले पहिल्या मजल्यावरचे काका खाली आले. नोटप्रेसमधून रिटायर झालेले, कमी बोलणारे, थंडी असो नसो अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालणारे. काही न विचारता मागे गेले आणि डाव्या दिव्यापाशी दोन्ही हात टेकून उभे राहिले. तेवढ्यात रात्रपाळी करून आलेला टीसी गेटातून आत शिरला. त्यानं बॅग खाली ठेवली. सोसायटीचे सेक्रेटरी चालायला निघाले होते, त्यांना लाजेनं हात लावावा लागला. आणि बालवाडीच्या बाई स्कूटर बाहेर काढत होत्या, त्यांनी हात नाही लावला पण तोंड लावलं. "दुसऱ्या गिअरला टाका! अहो आत्ता नको, वेग येऊ द्या! आता सोडा, सोडा क्लच!" गाडीनं हिसका दिला, मागे काळा धूर सोडला आणि धडधडायला लागली. सगळे हात झटकून हसले. मीही हसलो. आईचे दिवस झाल्यानंतर पहिल्यांदा हसलो.

मग ते रोजचंच झालं. कुणी ठरवलं नव्हतं. माझं दार वाजलं, जिन्यात चपला वाजल्या की काका खाली उतरायचे. टीसी ड्यूटीवरून येताना घाई करायचा. सेक्रेटरी कुरकुरत यायचे, पण यायचे. खरी मजा पुढची. गाडी एकदा चालू झाली की लगेच सोडून चालत नाही, ॲक्सिलरेटरवर पाय देऊन तिला गरम होऊ द्यावं लागतं. मी सीटवरून उठू शकत नसे. म्हणून सगळे माझ्या खिडकीशी गोळा व्हायचे. मी आत बसलेला, ही मंडळी बाहेर उभी. बाई शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायच्या. टीसी विनातिकीट माणसांच्या नाना तऱ्हा सांगायचा, कोण कसा संडासात लपतो, कोण कसा झोपेचं सोंग घेतो. सेक्रेटरी टाकीच्या पाण्यावरून सगळ्या सोसायटीला शिव्या घालायचे. काका काही बोलायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून ऐकायचे, गाडीच्या पत्र्यावर एक टिचकी मारायचे आणि निघून जायचे.

तेवढाच माझा दिवस होता. बाकी नुसता धंदा.

मला हे लगेच कळलं नाही, कारण माणसाला आपली गरज उशिरा कळते आणि मला तर सगळंच उशिरा कळतं. एकदा एका पेन्शनरच्या उभ्या गाडीतून चांगली बॅटरी मिळाली. जवळजवळ कोरी. पावसाळ्याचे दिवस, धंदा थंड, दुकानात चोरीची भीती, म्हणून ती आठवडाभर माझ्याच व्हॅनमध्ये टाकली. सकाळी किल्ली फिरवली, गाडी एका झटक्यात चालू. मी बघतो तर काका जिन्यातून अर्ध्यावर उतरलेले. हात वर करून 'झालं का?' अशी खूण केली आणि परत वर गेले. दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. का येतील? त्या आठवड्यात मी दुकानात गिऱ्हाइकांवर विनाकारण डाफरत होतो. घोटीवाला म्हणाला, "शेठ, काय झालंय तुम्हाला? घरात भांडण हाय का?" मी म्हटलं, भांडायला आहे कोण? तीच बॅटरी त्याच दिवशी त्याला देऊन टाकली, जरा स्वस्तातच दिली. आणि कोपऱ्यातली एक पार गेलेली बॅटरी उचलून व्हॅनमध्ये बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काका डाव्या दिव्यापाशी, टीसी उजव्या, आणि बाईंचा आवाज. तेव्हा मला स्वतःशी कबूल करावं लागलं की ही गाडी धक्क्यावर चालते तीच बरी आहे.

अशी काही वर्षं गेली. मी व्हॅनमध्ये मुद्दाम रद्दी बॅटरी ठेवत होतो आणि कुणाला संशय आला नाही. उलट माझ्या चिक्कूपणाच्या गोष्टी सोसायटीत रंगवून सांगितल्या जायच्या. 'बॅटऱ्यांच्या ढिगावर बसलाय आणि स्वतःच्या गाडीला एक घालवत नाही.' मी ऐकून घ्यायचो. चिक्कू तर चिक्कू.

आणि मग गेल्या नवरात्रात घात झाला.

खंडेनवमीला आमच्या कॉलनीत सगळे आपापल्या गाड्या धुतात, झेंडूच्या माळा घालतात, खाली एकत्रच पूजा करतात. मीही व्हॅन धुतली. निदान धुण्यासारखा जेवढा पत्रा उरलाय तेवढा धुतला. पूजा झाली, पेढे वाटून झाले आणि सेक्रेटरींनी टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं. टीसी आणि वॉचमन एक खोकं उचलून घेऊन आले. त्याला लाल रिबीन बांधलेली. आत काय आहे ते मी आकारावरूनच ओळखलं. बॅटरीचं खोकं मला अंधारातही ओळखू येईल.

"बॅटरीवाल्याला बॅटरी!" सेक्रेटरी म्हणाले आणि सगळे खो खो हसले. "साहेब, सगळ्यांनी वर्गणी काढली आहे. अगदी नवी कोरी. वॉरंटी कार्डसकट. आमच्या कमरांवर दया करा आता. सुटलो एकदाचे!"

सुटलो म्हणाले. चेष्टेत म्हणाले, मला माहीत आहे. माणूस वाईट नाही. पण इतकी वर्षं मला जे वाटत होतं ते माझं एकट्याचंच होतं, हे मला त्या एका शब्दात कळलं. मला जी सकाळ वाटत होती, ती त्यांची कमर होती. मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो. बाईंनी बॅटरीला हळदकुंकू लावलं, वर दोन फुलं ठेवली. लोक म्हणाले, आत्ताच बसवा, इथेच. मी पाना आणला, जुनी काढली, नवी बसवली. दोन्ही टर्मिनल आवळताना पाना दोनदा हातातून निसटला. बाई म्हणाल्या, "बघा, किती आनंद झालाय त्यांना." किल्ली फिरवली. अर्धीसुद्धा फिरली नसेल, गाडी सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या गलक्यात काका कुठे होते ते मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सकाळीत काही उरलं नाही. खाली उतरायचं, दार उघडायचं, किल्ली फिरवायची. गाडी कुत्र्यासारखी शहाणी झालेली, एका हाकेत उठायची. मी उगाच काच पुसत बसायचो. आरसा सरळ करायचो. बाई स्कूटरवरून जाताना अंगठा दाखवायच्या, "झकास!" सेक्रेटरी बुटांच्या नाड्या बांधता बांधता विचारायचे, "काय, आहे ना मस्त?" मी म्हणायचो, एकदम मस्त. ते चालायला जायचे. टीसी झोपेनं तारवटलेला यायचा, सलाम करायचा आणि सरळ जिना चढायचा. सगळे माझ्याशी चांगलंच वागत होते. थांबत मात्र कुणी नव्हतं.

मी काही उपाय केले. आता सांगायला लाज वाटते, पण हसूही येतं. एका सकाळी मी बॉनेट, म्हणजे आमच्या व्हॅनची पुढची सीट, उचलून आत वाकून उभा राहिलो, जणू काही बिघडलंय. सेक्रेटरी लांबूनच ओरडले, "अहो नवीन आहे, काही होणार नाही!" आणि गेले. एका संध्याकाळी मी हेडलाइट चालूच ठेवून घरी गेलो. म्हटलं, सकाळपर्यंत ठार होईल. सकाळी किल्ली फिरवली तर गाडी गुरगुरायला लागली. वॉचमन धावत आला. "साहेब, लाइट चालू राहिली होती, मी रात्रीच बंद केली. नाहीतर वाट लागली असती बॅटरीची." मी त्याला चहाला पैसे दिले. काय करणार? माणसानं चांगलंच केलं होतं.

विकायचाही विचार आला. का येऊ नये, धंदाच तो माझा. दिवाळीच्या तोंडावर नामपूरवाला घाईघाईत आला. त्याच्या गाडीला हव्या तशा मापाची बॅटरी माझ्याकडे तयार नव्हती आणि व्हॅनमध्ये नेमकी तीच बसलेली. त्याची नजर तिच्यावर गेली. "हाई दे ना भाऊ. तुले काय, तू दुसरी लावशी." भाव चांगला देत होता. मी पाना हातात घेतला, टर्मिनलवर लावला. पण वरचं हळदकुंकू अजून पुसलं नव्हतं. बाईंच्या बोटाचा ठसा दिसत होता. मला काही ते जमेना. मी त्याला शेजारच्या गॅरेजवाल्याकडे पाठवलं आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी जाऊन करायचं काय हा प्रश्न होताच, तरी बंद केलं.

दिवाळीत बहिणींकडे जाऊन आलो. भाचे मोबाइलमध्ये, बहिणी स्वयंपाकघरात, मी सोफ्यावर. परत आलो तेव्हा थंडी पडायला लागली होती. थंडीत माझ्या धंद्याला बरकत असते, सगळ्यांच्याच बॅटऱ्या कुरकुरायला लागतात. लोक सकाळी सकाळी फोन करतात. मी जातो, लोकांच्या गाड्या चालू करून देतो. सगळ्या नाशिकरोडच्या गाड्या चालू आहेत आणि मी रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून जेवतोय, हे एक दिवस इतकं अंगावर आलं की हातातला घास परत ताटात ठेवला. मी रडलो. साठीला आलेला माणूस ताट पुढ्यात घेऊन रडतो हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं तसं सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली उतरलो. किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. आरशात बघितलं तर पहिल्या मजल्यावर काका कठड्याला धरून उभे होते. तोच स्वेटर. पेपर नाही, कप नाही, काही नाही, नुसते उभे. माझ्या गाडीकडे बघत होते. मग माझ्या लक्षात आलं की दिवाळीच्या आधीही ते असेच उभे असायचे. मी दर वेळी हात हलवून निघून जात होतो.

मी काच खाली केली. त्या क्षणापर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं मी काय करणार आहे. इतक्या वर्षांत मी कुणाला एकदाही 'या' म्हणालो नव्हतो. माणसं आपोआप यायची, गाडीनं बोलावलेली.

"काका," मी ओरडलो, "जरा खाली येता का?"

"का? चालू होत नाही?" त्यांच्या आवाजात एकदम धावपळ आली.

"चालू आहे."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही या."

काका आत गेले. दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं, वेडा ठरलो. आता सेक्रेटरीला कळणार, मग अख्ख्या सोसायटीला. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. निघालोच असतो. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. काका भराभर उतरत होते, एका हातानं कठडा धरून. येऊन सरळ मागे गेले, सवयीनं डाव्या दिव्यापाशी. तिथे दोन्ही हात टेकले, मग आठवलं असावं, हात काढले आणि माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

आता बोलायचं काय? इतकी वर्षं हा माणूस रोज माझ्या गाडीला हात लावत होता आणि मला त्याच्याबद्दल त्याच्या स्वेटरपलीकडे काही माहीत नव्हतं. मी विचारलं, घरी सगळे बरे ना? माझा समज असा होता की काकांचं काय, भरलेलं घर. मुलगा, सून, नातू.

"सगळे बरे आहेत," काका म्हणाले. "फार चांगले आहेत. मला काही उचलू देत नाहीत. पाण्याचा जग उचलला की सून म्हणते, बाबा, तुम्ही बसा. भाजी आणायला निघालो की मुलगा म्हणतो, बाबा, बसा, मी ऑनलाइन मागवतो. आता नातूही म्हणायला लागलाय, आजोबा, बसा. दिवसभर बसा, बसा." एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "प्रेसमध्ये माझ्यावाचून मशीन हलत नसे हो. मग तुमची गाडी तेवढी होती."

गाडी थरथरत होती, तिच्या पत्र्यावर त्यांचा हात होता.

"एक सांगू का?" काका इकडे तिकडे बघून म्हणाले. "त्या बॅटरीला मी वर्गणी दिलेली नाही."

मला वाटलं, बिचाऱ्यांना ओशाळल्यासारखं होत असेल. मी म्हटलं, "असू दे हो काका, त्यात काय एवढं? असते एकेकाची अडचण."

"अडचण कसली?" काका एकदम चिडले. मी त्यांना चिडलेलंही पहिल्यांदाच बघत होतो. "सेक्रेटरी दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याला सांगितलं की पेन्शन अजून जमा झाली नाही."

"होतो कधी कधी उशीर," मी म्हणालो.

"उशीर नव्हता झाला," काका म्हणाले. "पेन्शन वेळेवर जमा झाली होती."